खांद्याला सोसेल ती बंदूक : नरनाळा, मेळघाट आणि धक्क्याचा इतिहास

दर काही महिन्यांनी एखादे जुने छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरत येते. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला गोरा अंमलदार, हातात दुनळी बंदूक, मागे धोतर-मुंडाशातली माणसे. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात : बंदूक किती बोअरची, गोळी केवढी, धक्का किती जबरदस्त, आणि तो सोसणारा गडी केवढा मर्द. मेळघाटातल्या शिकारीचा विषय निघाला की वऱ्हाडातल्या इतिहासप्रेमी तरुणांतही हाच सूर लागतो.

हा धागा त्या सुराविरुद्ध आहे. मोठ्या धक्क्याची बंदूक म्हणजे शौर्याची खूण, ही समजूत बंदुकीच्या इतिहासाला धरून नाही. ज्यांना बंदूक खरोखर चालवायची होती, त्यांनी पिढ्यानपिढ्या धक्का कमी करण्याची खटपट केली. ज्यांनी ती मिरवण्यासाठी धरली, त्यांच्या हौसेची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

सुरुवात अकोटच्या उंबरठ्यावरूनच करता येईल. अकोटहून उत्तरेला निघाले की काळ्या जमिनीतली कपाशी मागे पडते, पोपटखेड जाते, शहानूर येते आणि वर सातपुड्याच्या माथ्यावर नरनाळा दिसू लागतो. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील सरकारांपैकी एक म्हणून नोंदलेला हा किल्ला. बहुतेक पर्यटक फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्काच्या काळातला महाकाली दरवाजा पाहतात, त्यावरच्या कोरीव अक्षरांपुढे छायाचित्र काढतात आणि मग नऊगजी तोफेकडे वळतात. नावाप्रमाणे नऊ गजांची ही तोफ. तिच्यावर चढून बसणाऱ्या मुलांना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : एवढ्या मोठ्या शस्त्राच्या मागे माणसाने उभे राहायचे नसते. तोफ उडाली की गाड्यासकट मागे सरके, गोलंदाज बाजूला उभा असे, आणि पुढच्या बारापूर्वी तिला पुन्हा ढकलून जागेवर आणावे लागे. धक्का लाकूड, दगड आणि जमीन यांनी घ्यायचा, हाडामांसाने नव्हे, हे त्या काळच्या कारागिराला पक्के ठाऊक होते.

तोफ आणि खांद्यावरची बंदूक यांच्या मधली जागाही जुन्या लोकांनी विचारपूर्वक भरली होती. मराठी कागदपत्रांत जेजाला येतात : तटाच्या भिंतीवर टेकवून चालवायच्या लांब, जड बंदुका. जंबुरके येतात : उंटाच्या पाठीवरील खोगिरावर खुंटीला बसवलेल्या लहान तोफा. या दोन्ही शस्त्रांची गोळी माणसाच्या खांद्याला झेपणारी नव्हती. म्हणून खांद्याऐवजी भिंत किंवा उंट वापरला गेला. त्यात कोणाला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

साध्या तोड्याच्या बंदुकीतही हेच शहाणपण आहे. संग्रहालयात एखादी देशी तोडेदार बंदूक दिसली तर तिच्या नळीकडे नीट पाहावे. नळी लांब, जाड आणि वजनदार असते. दस्ता मात्र सरळ आणि अरुंद. हे वजन दागिन्याचे नाही. बंदूक जितकी जड, तितकी ती उडाल्यावर मागे सावकाश येते.

इथे थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. बार उडाला की गोळी आणि दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग बंदूक मागे घेते. गोळी आणि दारू तीच ठेवून बंदुकीचे वजन दुप्पट केले, तर बंदुकीचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जाही निम्मी होते. उलट वजन तेच ठेवून गोळी आणि दारू दुप्पट केली, तर ती ऊर्जा चौपट होते. धक्क्याच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या दोन वाक्यांत आहे. बाकी सारे माणसाच्या मज्जासंस्थेचे काम.

त्या मज्जासंस्थेचा एक प्रसंग अकोटच्या परिसरातच घडला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावजवळ आर्थर वेलस्लीचे सैन्य नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेसमोर आले. इंग्रजी पुस्तकांत या गावाचे नाव ‘अरगाम’ असे पडले आहे. सिरसोली गावाजवळून इंग्रजांच्या तुकड्या पुढे येत असताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या, आणि मद्रासच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईच्या मैदानात याच पलटणी याहून भयंकर माऱ्यात ठाम उभ्या होत्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना सावरले, पुन्हा रांगेत आणले, आणि त्याच संध्याकाळी लढाई इंग्रजांनी जिंकली. मराठ्यांच्या ३८ तोफा त्यांच्या हाती पडल्या.

असईचे शूर सिपाही अडगावला भित्रे झाले, असे कोणताही गंभीर इतिहासकार म्हणत नाही. आवाज आणि धक्का यांपुढे शरीर कधी दगा देते, कधी देत नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती इच्छेच्या आधी घडते, आणि म्हणूनच धैर्याच्या मापात तिला घालता येत नाही.

त्या दिवशी कंपनीच्या पायदळाच्या हाती जी बंदूक होती, तिला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणत. मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी घडवलेला हा ३९ इंची नळीचा नमुना पुढे खुद्द ब्रिटिश लष्करानेही घेतला. तिची शिशाची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची. चकमक घासली की कानाच्या आणि डोळ्याच्या अगदी जवळ दारूचा भपका उडे, लगेच खांद्याला दणका बसे. तोंड फिरवणे, डोळे मिटणे हे सर्रास होते. कवायतीतला हुकूमही ‘नेम धरा’ असा नव्हता. बंदूक समोर रोखायची आणि झाडायची. शेकडो बंदुका एकदम सुटत, त्यामुळे एका सिपायाने अंग चोरले तरी कोणाला कळत नसे. रांगेचे बळ त्याची चूक झाकून टाकी.

शिकाऱ्याला ही सोय नसते. तो एकटा असतो, समोरचे जनावर एकच असते, आणि त्याने अंग चोरले तर गोळी कुठे गेली हे सगळ्यांना दिसते. अकोटच्या मागच्या डोंगरात, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर, हाच एकटा शिकारी मोठ्या संख्येने येऊ लागला.

तो कोणती बंदूक घेऊन येई? बोअर म्हणजे काय हे येथे सांगायला हवे, कारण गावोगावी ‘बाराबोअर’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअरची नळी. म्हणजे गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. आठ बोअरची गोळी ५७ ग्रॅमची, आणि चार बोअरची तब्बल ११३ ग्रॅमची. आकडा लहान तितकी गोळी मोठी, हा उलटा हिशेब लक्षात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या मोठ्या गोळ्यांना खरे कारण होते. काळ्या दारूने गोळीला ठरावीक मर्यादेपलीकडे वेग देता येत नसे. वेग वाढत नाही, तर वजन वाढवा. रानगवा किंवा वाघ थांबवायचा तर दुसरा उपाय नव्हता. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात अंमलदार राहिलेला जेम्स फॉर्सिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफलींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. नळीतले पेच मंद ठेवावेत, म्हणजे भरपूर दारू घालूनही गोल गोळी पेच सोडून घसरणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे दुसरे, अधिक गाजलेले पुस्तक १८७१ चे. फॉर्सिथला हौशी म्हणून मोडीत काढता येणार नाही. त्याच्या काळाच्या साधनांत त्याचे गणित बरोबर होते.

पण गणित बरोबर असले तरी ते सोसणारा खांदा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या ज्या कारागिरांच्या बंदुका मुंबई बंदरातून मध्य हिंदुस्थानच्या जंगलांत पोहोचत, त्यांच्याच बंदुका आफ्रिकेतही जात. आणि या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट साक्ष आफ्रिकेतूनच मिळते. फ्रेडरिक सेलूस १८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेत उतरला. पैसे थोडे होते, म्हणून त्याने स्वस्तातल्या, बोअरच्या मानाने हलक्या अशा चार बोअरच्या तोंडातून ठासायच्या बंदुका घेतल्या. दारू पिशवीतून हातानेच काढून ओतायची. या बंदुकांनी त्याने हत्ती मारले आणि नावही कमावले. पण १८८१ च्या आपल्या पुस्तकात त्याने कबूल केले की या बंदुकांच्या माराने आपल्या मज्जातंतूंवर असा परिणाम झाला की पुढची नेमबाजी कायमची बिघडली, आणि त्यांच्या वाटेला आपण गेलो याचा मनापासून पश्चात्ताप होतो.

ही कबुली सावकाश वाचण्यासारखी आहे. त्या पिढीतला सर्वांत नावाजलेला शिकारी, ज्याच्या धाडसाबद्दल कोणालाच शंका नव्हती, तो स्वतःच्या खांद्याबद्दल असे लिहितो. धक्का सोसून माणूस धक्क्याला सरावतो, ही लोकप्रिय कल्पना त्याच्या अनुभवाने खोटी ठरवली. शरीर धक्का विसरत नाही. पुढच्या वेळी तो येणार हे ते आधीच ओळखते आणि चाप दाबण्याच्या क्षणी आकसते.

विरुद्ध बाजूची साक्षही द्यायला हवी. सॅम्युएल बेकरकडे एक प्रचंड रायफल होती. तिला तो ‘बेबी’ म्हणे. त्याच्या अरब नोकरांनी तिला तोफेचे पोर ठरवले होते. अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा ती फेकत असे. तिच्या बाराने धिप्पाड बेकरसुद्धा भोवऱ्यासारखा फिरे, हे त्याने स्वतःच लिहिले आहे. पण तिने झाडलेला एकही बार वाया गेला नाही, असेही तो सांगतो. मोठ्या बोअरचे चाहते हे वाक्य आनंदाने पुढे करतात. त्याच्या शेजारचे वाक्य मात्र ते गाळतात : अनेक वर्षांत मिळून त्याने ती जेमतेम वीसेक वेळाच झाडली. जी बंदूक मालकालाच उचलावीशी वाटत नाही, तिच्यावर सराव कसा होणार? बेकरकडे इतर बंदुकांचा ताफा होता आणि त्या उचलून देणारे नोकर होते. एकच बंदूक परवडणाऱ्या माणसाने त्याचा कित्ता गिरवण्यात अर्थ नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येई याने बिनधुराची दारू तयार केली आणि हा सगळा वाद मुळापासून बदलला. दोन वर्षांत फ्रेंच लष्कराने तिच्यावर चालणारी आठ मिलिमीटरची लबेल रायफल स्वीकारली. आता थोड्या दारूत मोठा वेग मिळू लागला. दारूचे वजन कमी, गोळीचे वजन कमी, म्हणून धक्काही कमी. १८९० च्या दशकाच्या आरंभी माउझरचे ७×५७ मिलिमीटरचे काडतूस आले. इंग्रज कारागीर जॉन रिग्बीच्या दुकानात त्याला .२७५ असे इंग्रजी नाव मिळाले. त्याची एक प्रचलित गोळी सुमारे ९ ग्रॅमची, म्हणजे सेलूसच्या गोळीच्या बाराव्या हिश्श्याहूनही हलकी.

फॉर्सिथच्या काळात मोठी गोळी ही गरज होती. १८९० नंतर ती बऱ्याच अंशी निवड झाली, आणि त्या निवडीत हौस व प्रतिष्ठा यांचा वाटा वाढत गेला. ‘बडा साहेब, बडी बंदूक’ ही प्रतिमा नेमकी तेव्हाच घट्ट झाली, जेव्हा तिची गरज सरत चालली होती. समाजमाध्यमांवर फिरणारी बहुतेक छायाचित्रे याच काळातली असतात.

लहान बोअर निवडणारे दोघे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पहिला स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल. त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यातले बहुसंख्य याच सात मिलिमीटरच्या रायफलीने. आजच्या नजरेला हा आकडा किळसवाणा वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण बंदुकीबद्दलचा पुरावा म्हणून तो टाळता येत नाही. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून आतला मेंदू नेमका कुठे असतो हे पाहिले, आणि मग हलक्या धक्क्याच्या रायफलीने तेवढीच जागा साधली. दुसरा जिम कॉर्बेट. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल त्याला संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराकडून जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी होती, आणि ती त्याने पुढे वर्षानुवर्षे जवळ बाळगली.

यावर जाणकार एक रास्त आक्षेप घेतात. बेल हा बेल होता. त्याच्यासारखा नेम नसलेल्याने अंगावर येणाऱ्या गव्यासमोर सात मिलिमीटरची रायफल धरली तर काय होईल? आक्षेप खरा आहे. कॉर्बेटसुद्धा नरभक्षकांच्या मागे जाताना अनेकदा .४५०/४०० ची दुनळी जेफ्री घेत असे. तिची गोळी सुमारे २६ ग्रॅमची. पण हेही पाहावे की त्याच काळात .५७७ नायट्रो एक्सप्रेससारख्या, ४८ ग्रॅमहून जड गोळी फेकणाऱ्या बंदुका बाजारात होत्या. कॉर्बेट शरीराने फार धिप्पाड नव्हता. त्याने मधली बंदूक घेतली. प्राण्याला पुरेशी, आणि स्वतःच्या खांद्याला झेपणारी. मोठी की लहान, असा वाद घालणाऱ्यांनी मधली ही जागा नेहमीच मोकळी सोडली आहे.

आता या साऱ्याची किंमत कोण मोजत होते, ते पाहू.

मेळघाटातली शिकार बहुधा हाक्याची असे. साहेब मचाणावर किंवा नाल्याच्या तोंडाशी, आणि समोरून डफ, थाळ्या आणि आरोळ्या यांच्या आवाजात जनावर हाकत आणणारे कोरकू. हाक्याला गावेच्या गावे निघत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सामान्य रयतेला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले, युरोपीयांना मात्र सूट दिली. त्यामुळे हाक्यातल्या माणसाकडे फार तर कुऱ्हाड किंवा काठी असे. मचाणावरच्याने चाप दाबताना अंग चोरले, गोळी खांद्यामागे लागण्याऐवजी पोटात किंवा पायात गेली, तर जखमी वाघ झुडपात शिरे. मग रक्ताच्या खुणा काढत त्याच्या मागे कोण जाई? पुढे चालणारा, वाकून पान-पान पाहणारा माणूस बहुतेक वेळा कोरकू असे. (जड बंदुकीने धक्का कमी होतो हे खरे, पण ती जड बंदूक डोंगर चढवून नेणारा खांदाही त्याचाच होता.) छायाचित्रांत हा माणूस मागच्या रांगेत, अस्पष्ट दिसतो.

जखमी होऊन निसटलेल्या जनावराचा इतिहास कधी कधी फार दूरपर्यंत जातो. चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसे मारली, अशी नोंद कॉर्बेटने दिली आहे. ती मेल्यावर त्याने तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, एक अर्धा, दुसरा पार हाडापर्यंत. ती इजा जुन्या बंदुकीच्या गोळीची होती. नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला जमेनासे झाले, आणि म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्याचा निष्कर्ष आहे. एका चुकलेल्या गोळीचा हा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याने ‘धक्का सोसतो तो मर्द’ असे लिहिण्यापूर्वी थांबायला हवे.

मग धक्क्याने दचकणाऱ्या माणसाने बंदूक निवडावी कशी? प्रश्न इतिहासाचा असला तरी उत्तर आजही तेच आहे, आणि परदेशात, जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या नवशिक्यांना ते थेट उपयोगी पडते. पहिली गोष्ट काडतूस. शिकार हरणाएवढ्या जनावराची असेल तर शंभर वर्षांहून जुनी ७×५७, किंवा १८९४ ची स्वीडिश ६.५×५५, पुरेशी आहे, १९५५ चे.२४३ विंचेस्टर त्याहून सौम्य. अनेक देशांच्या कायद्यात जनावरानुसार किमान बोअर ठरलेले असते, ते आधी पाहावे लागते. दुसरी गोष्ट वजन. डोंगरात वाहायला हलकी म्हणून घेतलेली रायफल खांद्यावर सूड उगवते. अर्धा किलो वाढले तर पाठ कुरकुरते, पण नेम सुधारतो.

तिसरी गोष्ट दस्ता, आणि हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दस्ता लांब असेल तर बंदूक खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडावर बसते. आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो. खाली फार वाकलेला दस्ता बंदुकीचे तोंड वर उसळवतो आणि गालावर मारतो. केनेथ अँडरसनने दक्षिणेतल्या जंगलांत वर्षानुवर्षे वापरलेली .४०५ विंचेस्टर, म्हणजे १८९५ च्या नमुन्याची रायफल, याचे नामी उदाहरण आहे. ताकदवान काडतूस, आणि जुन्या धाटणीचा, वाकलेला दस्ता. त्याच ताकदीचे काडतूस सरळ दस्त्याच्या आणि मागे रबरी गादी लावलेल्या रायफलीत घातले, तर वेगळेच शस्त्र हाती आल्यासारखे वाटते. एक तर काहीच न करता खांदा सोसत बसायचे, नाही तर दस्ता माणसाच्या मापाचा करून घ्यायचा. जुने इंग्रज कारागीर गिऱ्हाइकाचे माप शिंप्यासारखे घेत. दरजेदार बंदूक महाग असण्याचे ते एक कारण होते.

कानाचा विचारही इथेच करावा. दचकण्याचा बराच भाग आवाजाचा असतो. कान झाकले की तोच धक्का निम्म्यासारखा वाटतो. सेलूस-बेकरच्या पिढीकडे हे साधन नव्हतेच.

आणि शेवटी सराव, पण मोठ्या बंदुकीवर नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटिश लष्कर .३०३ रायफलींना .२२ ची नळी बसवून नव्या भरतीला शिकवू लागले. गोळी स्वस्त पडते हे एक कारण. सुरुवातीलाच शरीराला दचकायची सवय लागू नये हे दुसरे. राष्ट्रीय छात्र सेनेत .२२ झाडलेल्या वाचकांनी नकळत तीच परंपरा अनुभवली आहे. उस्तादांची एक जुनी परीक्षाही आहे. शिकाऊ माणसाला न सांगता मधेच एक निकामी काडतूस भरायचे. चाप दाबला, नुसता ‘खट्’ आवाज झाला, आणि तरीही बंदुकीचे तोंड खाली झुकले, तर समजावे की गडी धक्क्याच्या आधीच दचकतो आहे. ही परीक्षा भल्याभल्यांची फजिती करते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले होते. दोघांच्याही हाती .२२ ची रायफल होती : जड, प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने बसवलेली, आणि जिचा धक्का जाणवतसुद्धा नाही अशी. हे जागतिक यश या बंदुकीचे आहे. तिचे छायाचित्र मात्र ‘काय तो बोअर’ म्हणून कोणी फिरवत नाही.

अकोटमध्ये आज हा विषय निव्वळ इतिहासाचा राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले, आणि १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट आला. नरनाळा त्याच जंगलाचा भाग आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतात रात्री रोही आणि रानडुकरे उतरतात, हरभरा आणि तूर उभी आडवी होते, आणि शेतकऱ्याचा संताप खरा असतो. कायद्याच्या ११ व्या कलमात पिकांना धोका झालेल्या जनावराबाबत परवानगीची वाट आहे. परवानगीवाचून मात्र डुकरावरही बंदूक झाडणे गुन्हा आहे. परवानगीची चर्चा होते तेव्हा ती बहुधा किती जनावरे आणि किती दिवस, एवढ्यावर थांबते. बंदूक कोणाच्या हाती असेल, त्याने गेल्या वर्षभरात किती बार झाडले, आणि दबा धरून बसलेला तो माणूस चाप दाबताना डोळे मिटतो की उघडे ठेवतो, हे कोणी विचारत नाही. भरमार बंदुकीचा बार कपाळाजवळ भडकतो, दोन शतकांपूर्वी अडगावच्या मैदानात भडकत होता तसाच. आणि जखमी डुक्कर पळते ते शेजारच्या धुऱ्याकडे, जिथे पहाटे पाणी द्यायला कोणीतरी आलेले असते.